छोट्या लेथला डिजिटल रीडआउट कसा बसवावा

हँडल उलटं फिरवलं की डायलवरचा आकडा बदलतो, पण स्लाइड जागची हलत नाही. हा बॅकलॅश. डिजिटल रीडआउट, म्हणजे स्लाइडची जागा पडद्यावर आकड्यांत दाखवणारं उपकरण, स्क्रूचे फेरे मोजत नाही, स्लाइड प्रत्यक्ष किती सरकली ते मोजतो, म्हणून बॅकलॅशमुळे आकडा चुकत नाही. स्लाइडच डुगडुगत असेल तर मात्र तोही काही करू शकत नाही, तेव्हा आधी गिबचे, म्हणजे स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे, स्क्रू नीट लावून घ्या.

पैसे मोजायचे ते क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडच्या, स्केलसाठी (स्केल म्हणजे सरकणं मोजणारी पट्टी). स्लाइड 0.5 मिमी आत गेली की व्यास 1 मिमीने घटतो, म्हणजे स्केलची चूकही व्यासात दुप्पट होते. 5 मायक्रॉनचं (0.005 मिमीचं) स्केल व्यासात 0.01 मिमीची पायरी देतं. इथे 1 मायक्रॉनचं मिळालं तर उत्तम, कॅरेजला, म्हणजे लेथच्या लांबीने सरकणाऱ्या भागाला, 5 मायक्रॉन पुष्कळ झाले.

डिजिटल व्हर्नियरच्या जातीचं स्केल स्वस्त, पण कूलंट उडालं की त्याचे आकडे भरकटतात. काचेचं स्केल भरवशाचं, पण जाड. छोट्या लेथवर ते टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या टोकाच्या आधाराच्या) आड येतं. माझं मत मॅग्नेटिक पट्टीला. ती पातळ असते आणि हवी तेवढी कापता येते. फक्त डायल गेजचा (काट्याने बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेटिक स्टँड तिच्यावर टेकवू नका, पट्टी खराब होते.

क्रॉस स्लाइडचं स्केल टेलस्टॉकच्या बाजूला बसवलं की चकवरून (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडणाऱ्या भागावरून) उडणारा कीस कमी लागतो. पण गिबचे स्क्रू किंवा कॅरेजचं लॉक त्याच बाजूला असेल, तर तिथे पाना पोचेल ना, ते पाहा. स्केल आणि हेड (स्केल वाचणारा भाग) आधी क्लॅम्पने तात्पुरतं धरा आणि स्लाइड दोन्ही टोकांपर्यंत फिरवून काही अडतंय का ते तपासा.

मग स्लाइड काढून पंच मारा, 3.3 मिमीचं भोक पाडा आणि टॅपने एम4चे (4 मिमीच्या स्क्रूचे) आटे पाडा. बीडात टॅप कोरडाच चालतो. ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर भोक थेट डव्हटेलमध्ये, म्हणजे स्लाइड सरकते त्या तिरप्या खाचेत, निघेल. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवा, पुढची जुळवाजुळव त्यांच्याच जोरावर होते.

स्लाइड परत बसवा. डायल गेज सॅडलवर (कॅरेजच्या क्रॉस स्लाइडखालच्या भागावर) घट्ट धरून त्याचं टोक स्केलला टेकवा आणि स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. काटा 0.1 मिमीपेक्षा जास्त हलू नये. वरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. हेडचं अंतर सोबतच्या माहितीपत्रकात दिलं असेल तेवढंच ठेवा. केबलला सैल वळण द्या, पण ती चकपासून लांब बांधा.

आता डिस्प्लेवर क्रॉस स्लाइडसाठी व्यासाचा मोड लावा. जॉबवर हलका कट घ्या आणि क्रॉस स्लाइडला हात न लावता कॅरेज बाजूला न्या. मायक्रोमीटरने मोजा आणि आलेला आकडा, समजा 18.42, डिस्प्लेत भरा. मग 18.00 वर कट घेऊन पुन्हा मोजा. व्यास 0.42 ऐवजी 0.84 ने घटला, तर मोड त्रिज्येवर राहिलाय.

कंपाउंड स्लाइडवर, म्हणजे क्रॉस स्लाइडवरच्या छोट्या स्लाइडवर, स्केल नाही, म्हणून ती लॉकच ठेवा. ती हलवली, टूल बदललं किंवा टूलला धार लावली, की जॉब मोजून आकडा नव्याने भरावा लागतो.