मराठेशाहीवर लघुप्रबंध लिहायचा तर आधी मोडी आणि कालगणना

एम. ए.ला मराठ्यांचा इतिहास घेतलेले बरेच विद्यार्थी ‘पेशवेकालीन महसूल’ असा अवाढव्य विषय निवडतात आणि शेवटी छापील ग्रंथांवरच भागवतात. त्यापेक्षा एक परगणा आणि वीस-पंचवीस वर्षे एवढेच धरा. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आणि सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड यांत त्या परगण्याचे काय सापडते ते पाहा. मगच पुण्याच्या पेशवे दप्तरात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात जा. जाताना विभागाचे पत्र आणि पेन्सिल जवळ हवी.

मोडीचा सराव मात्र पहिल्या सत्रापासून, रोज. अक्षरे लवकर ओळखू येतात, गाडी अडते ती पुढे. ओळभर सलग शिरोरेघ, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वर संक्षेप. ‘राा’ म्हणजे राजश्री असेल किंवा रवाना, हे संदर्भच सांगतो. म्हणून आधी लिप्यंतर छापलेले असलेलेच कागद वाचा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा.

सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असते. हे अरबी संख्याशब्द एककापासून वाचायचे: १, ६०, १००, १०००, म्हणजे ११६१. हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली वर्षगणना. तो मृगापासून सुरू होतो. मृग ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते पुढचा मृग ६००. महिना जमादिलाखर असेल तर त्या वर्षी तो जानेवारीत पडतो, म्हणजे इसवी सन १७६१: पानिपतचा महिना. याला हिजरी सन समजू नका. त्या वेळी हिजरी ११७४ चालू होते. महिने हिजरीचे, वर्ष मात्र सौर, त्यामुळे दर वर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो आणि मृगाच्या आगेमागे एकच चंद्रतारीख एका सनात दोनदा येऊ शकते. अशा ठिकाणी जंत्री (वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून दाखवणारे कोष्टक) आणि पत्रातला मजकूर दोन्ही पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका. ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ‘सित’ सहा आणि ‘सितैन’ साठ, हेही नीट पाहा. एका शब्दाची गफलत झाली की घटना दुसऱ्याच पेशव्याच्या काळात जाते.

फसली (महसुली) सनात ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९ मिळवतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक इसवी सन १६७४च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजतात.

नोंद करताना रुमालाचा (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक, मूळ तारीख जशीच्या तशी आणि तुम्ही काढलेली इसवी तारीख वेगवेगळी लिहा. नुसती इसवी तारीख टिपली असेल, तर पुढे शंका आल्यावर तो कागद पुन्हा काढून घ्यावा लागतो.