निवृत्तांचा कोर्स चालवायचाय? सिलॅबस राहू दे, आधी बसचं टाइमटेबल बघा

परवा ओळखीच्या एका मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडे निवृत्त लोकांसाठी कोर्स सुरू करायचं ठरलंय, सिलॅबस कसा आखू म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं सिलॅबस राहू दे बाजूला, हॉलपासून टॉयलेट किती लांब आहे ते सांगा आधी. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय.

चार वर्षं मी विद्यापीठाच्या आजीवन शिक्षणाच्या कार्यक्रमाचं काम बघतेय आणि पहिल्या वर्षी मीही सिलॅबसपासूनच सुरुवात केलेली, १६ आठवड्यांचा झकास कोर्स, दर शनिवारी दुपारी अडीच वाजता. अडीच! गोव्यात! शीत-कढी जेवून आडवं व्हायच्या वेळेला. नावं नोंदवली ४२ जणांनी, तिसऱ्या शनिवारी समोर ९ जण आणि त्यातले दोघे डुलक्या काढतायत. तर खाली जे लिहितेय ते पुस्तकातलं नाही, ठेचा लागून आलेलं आहे.

पहिला प्रश्न, शिकवणार कोण. याचे जगात दोन रस्ते आहेत. १९७३ साली फ्रान्समधे तुलूझला पिएर व्हेला नावाच्या प्राध्यापकांनी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं, त्यात प्राध्यापक बोलणार आणि ज्येष्ठ मंडळी ऐकणार असा सरळ मामला. हीच कल्पना १९८१-८२ च्या सुमारास इंग्लंडात केंब्रिजला पोचली तेव्हा पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सोबत्यांनी ती उलटी करून टाकली, सदस्यच शिकवणार, सदस्यच शिकणार, परीक्षा नाही की डिग्री नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडे अर्धं-अर्धं करा. कोर्स सहा आठवड्यांचा ठेवा, का ते पुढे सांगते, त्यातले तीन प्राध्यापकांना द्या, तीन वर्गातल्याच लोकांना. नुसते प्राध्यापक ठेवलेत तर तो व्याख्यानमालेचा प्रकार होतो, आणि व्याख्यानांना गोव्यात तोटा नाही, गोवा विद्यापीठात व्हिजिटिंग रिसर्च प्रोफेसर योजनेतली सत्रंसुद्धा सर्वसामान्यांना खुली असतात, हौस असलेला माणूस तिथे जाईलच. आणि नुसते सदस्य ठेवलेत तर दोन महिन्यांत तो गप्पांचा कट्टा होतो. कट्टा वाईट नाही, पण त्याला विद्यापीठ कशाला हवं.

दुसरं, 'ज्येष्ठ नागरिक, वय ६० पूर्ण' अशी अट घालू नका. कोणी ५२ ला व्हीआरएस घेतलेली असते. आणि आयुष्यभर घर सांभाळलेली बाई रिटायर कधी होते सांगा? आमच्या पहिल्या फॉर्मवर 'निवृत्तीपूर्वीचा हुद्दा' असा रकाना होता, एका बाईंनी तिथे रेघ मारली आणि पुढच्या वेळेपासून यायच्याच बंद झाल्या. तो रकाना मी काढला आणि '५५ च्या पुढचे सगळे' असं लिहिलं. माणसांची वानवा नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढचे ११ टक्क्यांच्या वर होते, देशात साडेआठच्या आसपास, आता त्याहून जास्तच असणार. फी ठेवा, थोडी का होईना. आम्ही सहा आठवड्यांचे ५०० घेतो. फुकट म्हटलं की नावं सगळे देतात आणि येत कोणी नाही, पैसे भरले की पाऊस असला तरी येतात.

पावसावरून आठवलं, जून-जुलैत सुरू करूच नका. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून खुबा मोडला तर या वयात ते सहा महिन्यांचं दुखणं असतं. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीच्या आधीचा आठवडा साफसफाई, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं सामान, नेवऱ्या, आणि चवथीला पणजीतली अर्धी माणसं पेडण्याला, सत्तरीला, फोंड्याला आपापल्या मूळ घरी, गणपती पोचवल्याशिवाय परत यायची नाहीत. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्याची धावपळ, शिवाय दुसऱ्या पंधरवड्यात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तेव्हा पणजीत गाडी लावायला जागा मिळत नाही. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा. मग नाताळ, सगळ्यांची मुलं दुबई-पुण्याहून घरी. हे सगळं वजा केलं की मोकळे दोनच तुकडे उरतात, चवथ ते दिवाळी आणि जानेवारीचा मध्य ते शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण. म्हणून कोर्स सहाच आठवड्यांचा. सेमिस्टर विसरा.

हयातीच्या दाखल्याचा उलट फायदा पण घेता येतो बरं का. ऑक्टोबरच्या शेवटी एक तास 'मोबाइलवरून जीवन प्रमाण', म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, असा ठेवा, चेहरा दाखवून आता ते घरबसल्या होतं, आणि ज्यांना इतिहासबितिहासात काडीचा रस नाही असे लोक पण त्या दिवशी येतात. त्यातले चार-पाच नंतर टिकतात. माझे सगळ्यात पक्के सदस्य असेच आलेले आहेत.

वेळ सकाळी १० ते १२. त्याच्या आधी मासळी, देवळात जाणं, नातवंडांची शाळेची बस. बारानंतर घरी जेवण, आणि काहीजणांना नातवाला शाळेतून आणायचं असतं. वेळ छापायच्या आधी एकदा स्वतः बसने या. मी आले म्हापशाहून, पणजी स्टँडवर बस बदलून, तेव्हा कळलं की दहाला पोचायचं तर साडेआठला घर सोडावं लागतं. बसथांब्यापासून चढ असेल तर एखादी रिक्षा ठरवा किंवा गाडीवाल्या सदस्यांना विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

आता हॉल. तळमजला, टॉयलेट जवळ, हाताच्या खुर्च्या, म्हणजे उठताना टेकायला मिळतं. आणि माईक. २० माणसं असली तरी माईक. प्रत्येक प्राध्यापक येऊन म्हणतो मला माईक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे. ऐकू नका त्याचं. आमच्याकडे एक काका पहिले दोन आठवडे नुसते मान डोलवायचे, मला वाटलं भारी रंगलेत. तिसऱ्या वेळी लाईट गेली, पंखे बंद पडले आणि काका एकदम म्हणाले, "आज आयकूं येता रे!" डोक्यावरच्या तीन पंख्यांची घरघर त्यांच्या कानातल्या मशीनमधून घुमत होती आणि बोलणाऱ्याचा शब्द बुडून जात होता. तेव्हापासून कॉलर माईक, बोलणाऱ्याजवळचा पंखा बंद, आणि मागून प्रश्न आला की तो माईकवर पुन्हा म्हणायचा, मग उत्तर. स्लाइडवर अक्षर मोठं, ओळी पाच, पिवळ्यावर पांढरं असले प्रकार नकोत.

शिकवायला येणाऱ्या तरुण मुलांना आधी बसवून दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे आजी-आजोबा म्हणायचं नाही. एका मुलाने ३० वर्षं केमिस्ट्री शिकवलेल्या बाईंना "आजी, समजलं ना?" असं विचारलं, बाईंनी शांतपणे फळ्यावर जाऊन त्याचं समीकरण दुरुस्त करून दिलं. सर, बाई, नाहीतर नावापुढे बाब किंवा ताई, संपलं. दुसरं, सोपं करून सांगायच्या नादात पातळ करायचं नाही. ही माणसं कमी ऐकतात, कमी समजत नाहीत.

सदस्यांच्या सत्रांना विषय कुठून आणायचे? हे सगळ्यात सोपं आहे, फक्त 'तुम्ही काय शिकवाल' असं विचारू नका, सगळे म्हणतात आम्हाला काय येतंय. 'नोकरीत रोज काय हाताळलं' ते विचारा. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ असेच निघाले. मी म्हटलं घरचे जुने पोर्तुगीज कागद घेऊन या सगळ्यांनी. त्या दिवशी पिशव्याच पिशव्या. कोणी प्लास्टिकमधे, कोणी जुन्या साडीत गुंडाळून, घडीवर फाटलेले, वाळवीने नक्षी केलेले. गृहस्थांनी एकेक हातात घेऊन सांगितलं, हे देस्क्रिसांव, म्हणजे जमिनीचं वर्णन, चतुःसीमा, हे इन्स्क्रिसांव, म्हणजे ती कोणाच्या नावावर, आणि मात्रीज म्हणजे कराचं रजिस्टर, त्यात नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होते असं नाही हां. हे ऐकल्यावर दोन भाऊ एकमेकांकडे असे काही बघायला लागले की मी पटकन चहा मागवला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक बाई लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेल्या, त्या मोठ्याने वाचायच्या आणि ते गृहस्थ अर्थ सांगायचे. बारा वाजले तरी कोणी उठेना. पुढच्या वर्षी त्यातूनच मोडी वाचनाचा गट निघाला, देवस्थानाच्या जुन्या हिशेबाच्या वह्या घरात पडून असलेले महाजन, म्हणजे देवस्थानाचे पिढीजात हक्कदार, काही कमी नाहीत.

अशा सत्रांना एक धोका असतो, तो म्हणजे प्रश्न विचारायला उभा राहून भाषण देणारा माणूस. प्रत्येक वर्गात एक असतोच. १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलवर सत्र ठेवलं, मतपत्रिकेवर फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळं राहायचं, आणि ज्यांनी तेव्हा मत टाकलं ते तिघे हॉलमधे हजर. आलेल्या पाहुण्यांना दहाव्या मिनिटाला खाली बसावं लागलं. ते ठीक, पण विसाव्या मिनिटाला गाडी मराठी-कोंकणीवर आली आणि कोंकणीला राजभाषा ठरवणाऱ्या १९८७ च्या कायद्याचा विषय निघाला, मग काय विचारता. आता माझा नियम आहे, टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, वाळू संपली की माईक पुढे. माणसावर रागावता येतं, वाळूवर कोण रागावणार. आणि जास्त बोलणाऱ्याला गप्प करू नका, त्याला पुढच्या वेळचं अर्ध्या तासाचं सत्र द्या, तयारी करावी लागली की बोलणं आपोआप आटोपशीर होतं. भाषेचं म्हणाल तर सत्र कुठल्या भाषेत ते आधीच छापा, प्रश्न कुठल्याही भाषेत विचारू द्या.

किरकोळ गोष्टी पटापट सांगते. नोंदणी कागदावर आणि फोनवर पण घ्या, नुसता ऑनलाइन फॉर्म ठेवलात तर ओटीपी सुनेच्या मोबाइलवर जातो आणि सून ऑफिसात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन करा, एक सूचनांचा, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहिणार, आणि एक गुड मॉर्निंगच्या फुलांचा. चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी. फॉर्मवर घरच्या एकाचा नंबर आणि चालू असलेली औषधं, आणि हॉलच्या दारावर १०८ मोठ्या अक्षरात. परीक्षा नको, पण सर्टिफिकेट द्या, केंब्रिजवाले काही म्हणोत, आमच्या एका काकांनी ते लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय.

सहल एक तरी करा आणि आधी स्वतः जाऊन पायऱ्या मोजून या. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ जमतं, जरा चालावं लागतं पण सावली आहे. उसगाळीमळची कुशावतीकाठची कातळचित्रं मला फार आवडतात, पण जांभ्याचा उघडा कातळ आहे, उन्हात तापतो, ओला झाला की निसरडा, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर, आणि गुडघेवाल्यांना आधी खरं काय ते सांगून.

दुसऱ्या वर्षापासून कामं वाटून टाका. पहिल्या वर्षी मी सगळं एकटीने केलं, खुर्च्या लावण्यापासून चहाच्या हिशेबापर्यंत, आणि आजारी पडले तर वर्गच रद्द. आता चहा दोन बाई बघतात, सहलीची बस केटीसीतून, म्हणजे कदंब बस महामंडळातून, रिटायर झालेले एकजण ठरवतात, मला त्यातलं काही विचारत पण नाहीत. हजेरीचं रजिस्टर एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे आहे. गेल्या शनिवारी मी दहा वाजून सात मिनिटांनी पोचले तर माझ्या नावापुढे लाल पेनाची खूण.