सुतारकामाची शिकाऊ उमेदवारी : या चुका टाळा

उमेदवारी संपली तरी हातात ना प्रमाणपत्र, ना पुरेसे कसब, अशी तक्रार सुतारकाम शिकणाऱ्या मुलांकडून नेहमी ऐकू येते. तिचे मूळ बहुधा पहिल्याच आठवड्यात सापडते. ‘उद्यापासून ये’ एवढ्या शब्दावर मुलगा कामाला लागतो आणि करारनामा राहून जातो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार करार लेखी असावा लागतो व त्याची नोंदणीही व्हावी लागते. ती नसेल तर वर्षभर रंधा मारूनही मुलगा कायद्याच्या लेखी उमेदवार ठरत नाही आणि राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्याचा त्याचा मार्ग बंद होतो. 30 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 कामगारांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील अनेक लहान कारखाने या दुसऱ्या गटात मोडतात, म्हणून मालकाला नोंदणीबद्दल विचारताना भीड बाळगू नये. विद्यावेतनातील केंद्र सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. तो अडकला, तर मालकाशी वाद घालण्याआधी खाते आधारशी जोडलेले आहे का, हे तपासावे.

दुसरी चूक अधिक महाग पडते, ती म्हणजे केवळ विद्यावेतनाचा आकडा पाहून जागा निवडणे. हाताला कोणते काम येणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा. जिथे दिवसभर प्लायवूडवर लॅमिनेट चिकटवण्याचेच काम चालते, तिथे खाच आणि कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) यांचा सांधा शिकायला मिळणार नाही. कोल्हापुरात एक वेगळी संधीही आहे : शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींना (ओतकामाच्या कारखान्यांना) लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, त्यामुळे 500 मिलिमीटरच्या भागासाठी पॅटर्न 505 मिलिमीटरचा करावा लागतो, शिवाय तो साच्यातून सहज निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. फर्निचरवर हात बसलेला मुलगा इथे सवयीने नेहमीची पट्टी लावतो आणि ओतलेला भाग लहान निघतो.

मापांचा गोंधळ इतरत्रही आहेच. मिस्त्री सुतात बोलतात, आयटीआयमध्ये मिलिमीटर शिकवतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिलिमीटर, त्याला 3 धरले, तर 40 सुतांत 7 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून एका कामात एकच माप ठेवावे. करवतीचा काप विसरणे हीसुद्धा याच जातीची चूक : पाते 3 मिलिमीटरचे असेल, तर एका फळीवर चार काप घेताना 12 मिलिमीटर भुशात जातात.

चौकट तिरकी येत असेल, तर आधी गुण्या, म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन, तपासावा. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून रेष मारावी, मग त्याच जागी गुण्या उलटा करून दुसरी रेष मारावी. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर दिसणारा फरक प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असतो. गुण्या बरोबर असेल, तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत.

रंध्याखाली लाकूड उचकटत असेल, तर पाते बदलण्याआधी फळी फिरवून पाहावी. बहुतेक वेळा रंधा लाकडाच्या रेषेविरुद्ध चाललेला असतो. धार मात्र रोज लावावीच, कारण बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि निसटली की हातावर येते. चालत्या सर्क्युलर करवतीजवळ हातमोजे घालणे हा सुरक्षिततेचा चुकीचा समज आहे, कारण मोजा पात्यात अडकला की हातही ओढला जातो. लहान तुकडा पुढे सारण्यासाठी लाकडी काठी वापरावी आणि मशीनवर मास्क लावावा. लाकडाच्या भुशाची नोंद कर्करोगकारक पदार्थांत झालेली आहे.

पावसाळ्यात दार चौकटीत अडकले, की शिकाऊ मुले लगेच रंधा घेतात. लाकूड हवेतली ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. जुलैच्या फुगवट्यावर तासलेले दार मार्चमध्ये फटी दाखवते. त्यामुळे बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत का, ते आधी पाहावे, अगदीच अडत असेल तेवढीच कड घासावी आणि उरलेले काम दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर करावे.