झालर लावायची कशी: झोळी, ओढणी आणि कानातली

दुकानातून आणलेली झालर उलगडली की तिच्या खालच्या काठाला एक बारीक साखळी टीप दिसते. बहुतेकजणी घरी आल्या आल्या तीच उसवतात, कारण ती उसवल्याशिवाय झालर झुलत नाही. कृपा करून थांबा. शिवताना सगळे धागे एका ओळीत राहावेत म्हणून ती टीप कारखान्यातच घातलेली असते. झालर कापडावर पक्की बसेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ही टीप आधी उसवून बसलेल्या कितीतरी जणींचे अर्धवट पडलेले कुर्ते मी पाहिले आहेत. धागे सुईखाली येतात, टिपेत अडकतात आणि झालर जागोजागी आखडते.

माझं आजोळ निफाडकडचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची झूल उन्हात पडायची आणि आजोबा तिचे गोंडे एकेक करून विंचरायचे. माथोटी म्हणजे कपाळावरची गोंड्यांची पट्टी, ती बांधून झाली की बैलाला अंगणात चार पावलं चालवून बघायचे. चालीबरोबर गोंडा हलला नाही तर सोडून पुन्हा बांधायचे. कुठलीही झालर लावताना मी आजही तेच करते. आधी टाचण्यांनी लावते, अंगावर घेऊन घरात दहा पावलं चालते आणि मगच दोरा ओवते. आरशासमोर उभं राहून झालर कळत नाही, ती चालताना कळते. 1920 च्या दशकात अमेरिका-युरोपात नाचाच्या पोशाखांवर झालरींच्या ओळी आल्या त्या याचसाठी, पावलाबरोबर कपडाही हलावा म्हणून.

आपल्याकडे या गोष्टीला तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्ही कामंही वेगळी आहेत. कापडाच्याच टोकाला सुटे राहिलेले धागे म्हणजे दशा. उपरण्याला असतात, घोंगडीला असतात. हा शब्द थेट संस्कृतातून आलेला आहे, तिथे दशा म्हणजे वस्त्राच्या टोकाचे धागे आणि दिव्याची वातसुद्धा. वेगळ्या पट्टीला धागे लावून तयार झालेली, मीटरवर मिळणारी ती झालर. दुकानात तिला फ्रिंज लेस म्हणतात. आणि धाग्यांचा जुडगा मानेशी आवळून बांधला की गोंडा. काम सुरू करण्याआधी आपल्याला यातलं काय हवं आहे ते ठरवा. सुती ओढणीला विकतची झालर लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तिच्या स्वतःच्या दशा काढल्या तर त्या कितीतरी सुंदर दिसतात. जाड कापडाच्या झोळीला मात्र झालरच शोभते.

खरेदी

नाशिकमध्ये मेनरोड, भद्रकाली, शालिमार या पट्ट्यात शिवणसाहित्याची दुकानं आहेत. नवरात्राच्या आधी गेलात तर रंगांची निवड भरपूर असते, पण गर्दीत दुकानदाराला नीट दाखवायला वेळ नसतो. मी श्रावणातच जाऊन येते.

झालर हातात घेतली की आधी ती उभी धरून झटका. धागे पुन्हा सरळ खाली आले तर ती चांगली पडते. वाकडे, फुगलेले राहिले तर ती कपड्यावरही तशीच राहणार. मग रुमालाचं टोक ओलं करून गडद धाग्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती झालर पांढऱ्या किंवा फिक्या कापडाला लावू नका. मी एकदा लाल झालर न तपासता मोतिया कुर्त्याच्या घेराला लावली होती. पहिल्याच धुण्यात घेरावर गुलाबी ओघळ उतरले आणि ते कशानेच गेले नाहीत.

धागा कसला आहे हे दुकानदार दरवेळी नक्की सांगू शकत नाही. घरी आल्यावर एक धागा चिमट्यात धरून जाळा. राख झाली आणि जळक्या कागदाचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. ही परीक्षा इस्त्रीसाठी फार महत्त्वाची आहे. पॉलिस्टरवर गरम इस्त्री फिरली की धागे इस्त्रीच्या तळाला चिकटतात. व्हिस्कोसची झालर सगळ्यात सुंदर पडते, तिला वजन आणि चमक दोन्ही असतात. पण व्हिस्कोस ओलं असताना बरंच कमजोर होतं, म्हणून आपल्या पावसाळ्यात रोज वापरायच्या पिशवीला मी पॉलिस्टरच लावते.

झोळी: तीन ओळींची झालर

पहिल्यांदाच करत असाल तर झोळीपासून सुरुवात करा. मापाचा फारसा प्रश्न येत नाही आणि जाड कापड झालरीचं वजन सहज पेलतं. 14 इंच रुंद आणि 16 इंच उंच झोळीच्या फक्त दर्शनी बाजूला तीन ओळी लावायच्या तर 4 इंच लांबीची झालर सव्वा मीटर पुरते. दोन्ही बाजूंना लावू नका. अंगाकडची झालर कपड्यावर घासून आठ दिवसांत गुंता होते.

झोळीचं कापड आधी पाण्यातून काढून वाळवा. कापड नंतर आटलं तर झालरीची पट्टी सुरकुतते.

आता खुणा. तळापासून 5, 8 आणि 11 इंचांवर खडूने तीन आडव्या रेघा मारा. झालरीच्या पट्टीचा वरचा काठ या रेघांवर येईल. 4 इंचांची झालर 5 इंचांवर लावली की तिची टोकं तळाच्या एक इंच वर थांबतात. हा एक इंच सोडायलाच हवा. झोळी आपण बसच्या फलाटावर ठेवतो, भाजीच्या ओट्याशी ठेवतो. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात तळापर्यंत झालर असलेली झोळी घेऊन गेलात तर घरी येईपर्यंत तिची टोकं चिखलाने काळी होतात.

सगळ्यात खालची ओळ आधी शिवायची, मग मधली, मग वरची. वरच्या ओळीचे धागे खालच्या पट्टीवर येऊन ती झाकतात. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक ओळ शिवताना वरची झालर हाताने उचलून धरावी लागते.

झालर कापण्याआधी जिथे कापायचं तिथे पट्टीवर रंगहीन नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या, वाळू द्या, मग कात्री लावा. धागे सुटत नाहीत. झोळी तयार असेल तर दोन्ही टोकांना अर्धा इंच मुडपा. नवीन शिवत असाल तर दर्शनी कापड सपाट असतानाच तिन्ही ओळी लावून घ्या आणि बाजूच्या शिलाईत जाणाऱ्या अर्ध्या इंचातले लोंबते धागे पट्टीपर्यंत कापून टाका. नाहीतर ते शिलाईत दबतात आणि झोळी सुलट केल्यावर कडेला गाठोडं दिसतं.

आधी कच्चा टाका घाला. मशीनवर 16 नंबरची सुई, टाका जरा मोठा. पट्टीच्या वरच्या काठावरून एक टीप आणि खालच्या काठावरून दुसरी. एकाच टिपेवर पट्टी पुढे झुकते. तयार झोळीत मशीनचा पाय नीट शिरत नाही, तेव्हा हातानेच उलटी टीप घाला. तीन ओळींना एक दुपार लागते, ती द्या.

गोंदाने चिकटवायचा मोह इथेच होतो. तसं करू नका. गोंद पट्टीतून झिरपून धाग्यांच्या मुळाशी जातो, धागे तिथे ताठ होतात आणि झालर हलायची थांबते. शिवाय चिकटवलेली झालर पुन्हा सुटी करता येत नाही.

आता ती साखळी टीप उसवा. एका टोकाचा दोरा कापून ओढा. साखळी टीप एकाच दिशेने सुटते, म्हणून दोरा अडला तर जोर लावू नका, दुसऱ्या टोकाकडून ओढा. योग्य टोक सापडलं की दोरा सर्रकन हातात येतो आणि मागोमाग धागे एकेक करून सुटे होतात. या क्षणासाठी मी मुलांनाही बोलावते. मग झोळी रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी एखाद-दुसरा धागा लांब दिसेल. टोकांवर कागदी चिकटपट्टी आडवी लावा आणि पट्टीसकट सरळ कापा. सुटे धागे कात्रीपुढे पळतात, पट्टीत धरलेले पळत नाहीत.

ओढणीच्या दशा

यासाठी साध्या विणीची सुती, खादी किंवा लिननची ओढणी घ्या. जॉर्जेटच्या धाग्यांना कडक पीळ असतो, ते सुटे केले की वेटोळे होतात.

टोकापासून 5 इंचांवर सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला आणि हळूहळू ओढून काढा. कापडात एक नेमकी सरळ रेघ उमटते, कुठलीही पट्टी इतकी सरळ रेघ देत नाही. त्या रेघेच्या वरच्या अंगाला बारीक टीप घालून घ्या, म्हणजे वीण पुढे उसवणार नाही. मग कडेपासून आडवे धागे म्हणजे बाणा एकेक करून काढत रेघेपर्यंत या. खाली उरतो तो नुसता ताणा. हे काम संध्याकाळी गप्पा मारत करण्यासारखं आहे, घाई केली की धागा तुटतो आणि पुन्हा टोक शोधावं लागतं.

गाठींसाठी अर्ध्या इंचातले धागे एकत्र घ्या, सैल गाठ मारा, सुई गाठीत घालून ती वर कापडापर्यंत सरकवा आणि मग आवळा. सुईशिवाय सगळ्या गाठी एका रेषेत येत नाहीत. जाळी हवी असेल तर दशा 7 इंच काढा. दुसऱ्या ओळीत एका गाठीखालचे अर्धे धागे आणि शेजारच्या गाठीखालचे अर्धे मिळून नवी गाठ मारायची.

मला स्वतःला पिळाच्या दशा अधिक आवडतात. दोन जुडगे घ्या, दोन्हींना उजवीकडे पीळ द्या, पुरता कडक. मग दोन्ही एकत्र धरून डावीकडे वळू द्या. ते आपोआप एकमेकांवर चढतात. टोकाला गाठ मारा. ज्यांच्या घरी कासरा वळलेला आहे त्यांच्या बोटांना हे लगेच समजेल.

येवल्याची पैठणी घरात असेल तर तिच्या पदरावर मात्र हे प्रयोग करू नका. रेशीम आणि जर एकत्र विणलेले असतात, एक धागा ओढला तर काठापर्यंत ताण जातो. पदराला विकतची जड झालरही लावू नका, पदर खांद्यावरून सारखा घसरतो. हलके रेशमी गोंडे वेगळ्या पट्टीवर करून ती पट्टी पदराच्या आतून तुरपून घ्या. नको वाटले तर साडीला धक्का न लावता काढता येतात.

कानातली

गोंद इथे चालतो, कारण वजन जवळजवळ नसतंच. 2 इंच लांबीच्या झालरीचा दीड इंचाचा तुकडा घ्या, पट्टीवर गोंदाचा पातळ थर द्या आणि घट्ट गुंडाळा. मधोमध जंप रिंग, म्हणजे दागिन्यांची बारीक तारेची कडी, धरून गुंडाळली की ती आतच पक्की होते. वर हूक अडकवा. पट्टी उघडी दिसते, तिच्यावर जरीच्या दोऱ्याचे आठ-दहा वेढे द्या. दोन्ही कानांसाठी तुकडे एकाच वेळी, एकाच मापाने कापा.

गोंडा करायचा असेल तर तीन इंचांच्या पुठ्ठ्यावर रेशमी दोऱ्याचे 70 वेढे घ्या, वरून बांधा, अर्धा इंच खाली मान आवळा, तळ कापा. मान आवळायची खुबी शिकायची असेल तर सराफ बाजारात दागिने गाठवून देणाऱ्यांचे हात बघा. दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या आत जातं आणि बाहेर गाठ कुठेच दिसत नाही.

कुठे लावू नये

मनगटाशी येणाऱ्या बाहीला झालर लावली तर ती वरणात बुडते आणि गॅसपाशी धोक्याची होते. कोपराच्या वर लावा. लांब दशांची ओढणी दुचाकीवर बसताना अंगाभोवती गुंडाळून गाठ मारल्याशिवाय निघू नका, मागच्या चाकात दशा अडकून ओढणी गळ्याशी आवळली जाते. हे मी प्रत्येक मुलीला सांगते. तान्ह्या मुलांच्या कपड्यांना सुटे धागे नकोतच, बोटांना गुंडाळतात.

धुताना

झोळी किंवा कुर्ता उलटा करून उशीच्या अभ्र्यात घाला, अभ्र्याचं तोंड बांधा आणि गार पाण्यात हाताने धुवा. पिळू नका. झालर खाली लोंबेल असं टांगा आणि अर्धवट ओली असताना मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरत या. वाळल्यावर विंचरली तर धागे विजेने उभे राहतात. चुरगळलेली झालर उकळत्या किटलीच्या वाफेवर हातभर अंतरावरून धरली तरी सरळ होते.

कापड विरलं तरी झालर बहुधा टिकलेली असते. हातशिलाई असेल तर दोन टिपा उसवून ती अख्खी निघते. माझ्याकडची एक निळी झालर सध्या तिसऱ्या झोळीवर आहे.