ऑइल पेस्टलवरची अॅक्रिलिक अक्षरं सोलून निघत होती, शेवटी हा प्रश्न असा सुटला

निओ-एक्स्प्रेशनिस्ट वळणाचं (म्हणजे रांगड्या, भावनेने भरलेल्या शैलीचं) मिक्स्ड मीडिया ड्रॉइंग, म्हणजे एकाच चित्रात वेगवेगळी रंगमाध्यमं, करत होतो. मोठं डोकं, मुकुट, बाण ऑइल पेस्टलने काढले आणि त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकने शब्द लिहिले, तर रंग थेंबाथेंबाने आक्रसायचा आणि दोन दिवसांनी 'र' ची शेपटी नखाला लागून अख्खी पापुद्र्यासारखी निघाली. रंग घट्ट घेतला, फिक्सेटिव्ह (रंग पक्का धरून ठेवणारा स्प्रे) मारलं, हेअर ड्रायर फिरवला, काही नाही. तीन कागद वाया गेले, रडूच यायचं बाकी होतं.

कारण साधं आहे. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही आणि त्यातल्या तेल-मेणावर अॅक्रिलिकसारखा पाण्यात मिसळणारा रंग धरत नाही. म्हणजे क्रमच उलटा हवा.

३०० जीएसएम (जाड) कागदावर जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, पहिला वाळल्यावरच दुसरा. मग अॅक्रिलिकचं सगळं काम, शब्दसुद्धा. कागदाचे तुकडे चिकटवायचे तर आत्ताच, मॅट मीडियमने (चकाकी नसलेलं पारदर्शक अॅक्रिलिक माध्यम, गोंदासारखं चालतं), वर-खाली दोन्हीकडून लावून. रात्रभर वाळू द्या. मग क्लिअर (पारदर्शक) जेसोचा एक पातळ हात, त्याने खरखरीतपणा येतो आणि पेस्टल छान धरतं. तो वाळला की सगळ्यात शेवटी ऑइल पेस्टल.

पेस्टलवर शब्द हवाच असेल तर ब्रश नको, ऑइल पेस्टलनेच लिहा किंवा ब्रशच्या मागच्या टोकाने खरवडा, खालचा रंग अक्षर होऊन वर येतो, मला तर हेच जास्त जिवंत वाटतं. अमेरिकन निओ-एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार बास्कियाच्या १९८० च्या दशकातल्या कामांतही अॅक्रिलिकवर ऑइलस्टिक (तैलरंगाची कांडी) दिसते.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला.