वेगळ्या रंगाचा बेडूक दिसला, तर आधी डोळा बघा

आमच्या शेतपंपाला आठवड्यातनं तीन-चार दिवस रात्रीचीच लाईट. भोगावतीच्या काठाला उसाला पाणी पाजायला रात्री अकराला बॅटरी घेऊन बांधावर असतो, म्हणून बेडकांशी रोजची गाठ. तरी एकदा फसलोच. मृगाच्या पहिल्या दणक्यात भाताच्या खाचरात दहा-बारा बेडूक, हळदीत लोळल्यागत पिवळेधमक, गळ्याला दोन्ही बाजूंनी निळे फुगे. भावकीच्या ग्रुपवर ‘दुर्मिळ सोनेरी बेडूक’ म्हणून फोटो टाकून मोकळा झालो. आठवड्यानं बघतोय तर खाचरात सगळे मातकट! आपल्या नेहमीच्या मोठ्या बेडकाचा, इंडियन बुलफ्रॉगचा, नर विणीपुरता पिवळा होतो. मादी आहे तशीच राहते. ग्रुपवर अजून मला ‘सोनेरी’ म्हणतात.

तेव्हापासनं माझी रीत ठरलीय. हात लावायचा नाही. आपल्या हातावर खत नाहीतर तंबाखूचा चुना असतोच, आणि बेडूक कातडीनंही श्वास घेतो, पाणी तर कातडीनंच पितो.

मग डोळा. अंग पांढरट-पिवळट आणि डोळा लाल असेल तर मेलॅनिन हे काळं रंगद्रव्यच नाही, डोळ्यातलं रक्त दिसतंय. हा अल्बिनो. अंग पांढरं पण डोळा काळा असेल तर ल्युसिझम, म्हणजे कातडीतला रंग गेलेला पण डोळ्यातला शाबूत, ती गोष्ट वेगळी. फ्लॅश मारू नका, धडधाकट बेडकाचा डोळाही त्यात लालसर चमकतो. बॅटरी बाजूनं धरा आणि शेजारी वहीचं कोरं पान ठेवा. फोटोत पानच पिवळं आलं, तर बेडकाच्या पिवळेपणावर काय विश्वास ठेवायचा?

न्हाणीघरात भिंतीला चिकटणारा झाडबेडूक असेल तर अर्धा तास थांबा. तो आपला आपण फिकट-गडद होत असतो. पाय-पोट लालभडक किंवा अंगावर कापसागत थर असला तर तो रंग नव्हे, दुखणं.

निळ्याची गंमत न्यारी. बहुतेक हिरव्या बेडकांच्या कातडीत हिरवा रंग नसतोच. वर पिवळ्या पेशी, त्यांच्याखाली निळा उजेड परतवणाऱ्या पेशी, दोन्ही मिळून हिरवं दिसतं. पिवळं जन्मतःच नसलं की बेडूक निळा. पावसात राधानगरीकडं झाडावरचे हिरवे बेडूक पुष्कळ बघितले, निळा एकही नाही. हौस मात्र आहे.

तारीख, वेळ, पाऊस लिहून ठेवा, आणि त्याच जातीच्या शेजारच्या दोन साध्या बेडकांचाही फोटो काढा. त्यांच्याशिवाय वेगळेपण कळणार कसं? आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाईटवर, टाकताना नेमकी जागा लपवा, नाहीतर कुणीतरी बरणी घेऊन येतंय. मी तर घरीही ‘ओढ्याजवळ’ एवढंच सांगतो. आमच्या शिवारात ओढे तीन आहेत.