टॉवर ऑफ लंडन बघायचा तर असा बघा

लंडनला आलेले आपले बहुतेक लोक टॉवरला जातात, कोहिनूर बघतात, दोन फोटो काढतात आणि तासाभरात बाहेर. तसं नका करू प्लीज. निदान तीन-चार तास ठेवा, आणि प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून एकच विचारा की इथं पूर्वी काय काम चालायचं, कारण हा किल्ला फक्त तुरुंग नव्हता, राजवाडा, टांकसाळ, दप्तरखाना, प्राणिसंग्रहालय असं सगळं इथं होऊन गेलंय.

टॉवर हिल स्टेशनला उतरा. लगेच आत घुसू नका, आधी समोरच्या ट्रिनिटी स्क्वेअर बागेत जा, तिथं जुन्या वधस्तंभाची जागा आहे. जाहीर शिरच्छेद बहुतेक इथं, किल्ल्याबाहेर व्हायचे, आत टॉवर ग्रीन नावाच्या हिरवळीवर मोजकेच, आठव्या हेन्रीची राणी अ‍ॅन बोलीन वगैरे. आणि हे गाईड पटकन सांगून टाकतात पण मला फार महत्त्वाचं वाटतं, पहिल्या महायुद्धात 11 जर्मन हेर आत गोळ्या घालून मारले आणि 1941 मध्ये योसेफ याकोब्स हा आणखी एक जर्मन हेर, म्हणजे मृत्युदंडाची जागा म्हणून किल्ला विसाव्या शतकातही वापरात होता.

मग वरूनच खंदक बघून घ्या. पाणी साचून रोगराई व्हायला लागली म्हणून 1843 मध्ये वेलिंग्टनने तो कोरडा करून घेतला (हो, आपल्याकडे असईची लढाई लढलेला तोच). दुसऱ्या महायुद्धात लोकांनी तिथं भाजीपाला पिकवला.

सकाळी गेट उघडताना पोचलात तर सरळ ज्वेल हाऊस, म्हणजे राजघराण्याचे मुकुट-दागिने ठेवलेली इमारत गाठा, नंतर रांग वाढत जाते. फोटो काढता येत नाहीत. कोहिनूर क्वीन मदरच्या (दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या) 1937 च्या मुकुटात आहे, आणि तो बघताना 1849 मध्ये लाहोर दरबारातून, दहा-अकरा वर्षांच्या दुलीप सिंगकडून तो लिहून घेतला गेला हे मुलांना जरूर सांगा, इथं आणल्यावर पुन्हा पैलू पाडताना तो 186 कॅरेटचा 105 वर आला तेही सांगा. ज्या इमारतीत आपण उभे असतो ती मुळात सैनिकांची बराक.

मग उलटं प्रवेशद्वाराकडे या. तिथंच सिंहांचा बुरूज होता, आता पायाचे अवशेष उरलेत आणि जवळ तारेच्या जाळीचे सिंह उभे केलेत. दुसऱ्या राजांकडून भेट आलेले प्राणी टॉवरमध्ये ठेवायचे. 1252 मध्ये नॉर्वेहून आलेल्या पांढऱ्या अस्वलाला दोर बांधून थेम्समध्ये मासे पकडायला सोडायचे, 1255 मध्ये फ्रान्सच्या राजाने हत्ती पाठवला, तो बिचारा दोन-तीन वर्षांत गेला. प्राणिसंग्रह 1835 ला बंद झाला.

शेजारी दोन तटांच्या मधली अरुंद गल्ली म्हणजे मिंट स्ट्रीट. इंग्लंडची नाणी पाचशेच्या वर वर्षं इथं पाडली गेली आणि 1696 पासून टांकसाळीच्या कारभारात खुद्द न्यूटन होता!! लोक इथून नुसते पुढे निघून जातात, तुम्ही थांबा.

व्हाइट टॉवर, म्हणजे किल्ल्याच्या मधोमध असलेली सगळ्यात जुनी इमारत, शेवटी ठेवा, पायऱ्या भरपूर आहेत, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली बाकावर बसवा. बांधकाम 1070 च्या दशकात विल्यम राजाच्या काळात सुरू झालं. दार जमिनीपासून वर आहे, जिना लाकडी, हल्ला आला की जिनाच काढून टाकायचा. आतलं सेंट जॉन्स चॅपल मला सगळ्यात आवडतं, इतकं साधं आणि भक्कम, आणि तिथं कैक वर्षं सरकारी दप्तरं रचून ठेवलेली होती. ग्रीनिचची वेधशाळा व्हायच्या आधी फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने याच इमारतीच्या गोल बुरुजावरून ताऱ्यांचे वेध घेतले, तो बुरूज बाहेरून दाखवा मुलांना.

बीफईटर, म्हणजे टॉवरचे गणवेशातले रखवालदार, त्यांची टूर तिकिटातच असते, ती घ्याच. निदान 22 वर्षं सैन्यात काढलेली माणसं आहेत ही, कुटुंबासकट आतच राहतात. रोज रात्री दहाच्या सुमाराला दरवाजे बंद करायचा विधी होतो, त्याचं तिकीट वेगळं आणि लवकर संपतं, त्यामुळे विमानाचं बुकिंग झालं की पाठोपाठ तेही बघून ठेवा.